वावरात रोडग्यांचा बेत आणि डब्याची गॅस शेगडी

भाऊ, डिसेंबरात वावरात पंचवीस माणसांचा रोडग्यांचा बेत आहे, डब्याची पोर्टेबल शेगडी पुरेल का आणि वाऱ्यासाठी तिच्याभोवती विटा रचल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलं.

आधी विटांचं. त्या अजिबात रचू नका. या शेगडीत गॅसचा डबा बर्नरच्या शेजारीच, जेमतेम वीतभर अंतरावर असतो. चारही बाजू अडवल्या की सगळी धग डब्याकडेच वळते. 50 अंशांच्या वर तापू देऊ नका, असं डब्यावर छापलेलं असतं ते याचसाठी. मोठा गंज किंवा रुंद तवा ठेवला आणि त्याचं बूड डब्याच्या कप्प्यावर आलं, तरी धोका तोच. शेगडी चालू असताना कप्प्याच्या झाकणाला हात लावून पाहत जा. आतल्या पातळ गॅसची वाफ होताना डबा गार पडतो, म्हणून ते गारच लागायला हवं. गरम लागलं की शेगडी बंद करा, भाजी अर्धकच्ची राहिली तरी चालेल.

वारा फक्त ज्या बाजूनं येतो तिथंच अडवा. बंडी आडवी लावली की झालं, नाहीतर हातभर अंतरावर टिनाचा पत्रा उभा करा. काही जण वारा लागू नये म्हणून शेगडी खड्ड्यात किंवा पाण्याच्या नालीत ठेवतात. तसं करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तिथंच साचून राहतो. कुटाराचा ढीग आणि वाळलेली पऱ्हाटी मात्र लांबच असू द्या.

थंडीचंही लक्षात घ्या. अशा डब्यात बहुतेक ब्युटेन असतो आणि तो उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी पारा दहाच्या खाली जातो, त्यात वापरानं डबा आणखी गार होतो आणि ज्योत मलूल पडते. म्हणून डबा जाळावर धरू नका की उकळत्या पाण्यात ठेवू नका. दोन डबे आलटून पालटून वापरा.

साधारण 220 ग्रॅमचा डबा मोठ्या ज्योतीवर दीडेक तास चालतो. चहाला, फोडणीला, चार माणसांच्या भाजीला तेवढं पुष्कळ. पंचवीस जणांच्या वांग्याच्या भाजीला आणि वरणाला मात्र 5 किलोचं सिलिंडर, रेग्युलेटर, नळी आणि वेगळी भट्टी घ्या. त्यातल्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्यामुळे थंडीत दाब टिकतो. सिलिंडर उभंच ठेवा. आडवं केलं तर पातळ गॅस थेट नळीत येतो. पेटवण्याआधी जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पेटवूच नका.

रोडगे गोवऱ्यांवरच भाजा. ती चव गॅसवर येत नाही, आणि उगाच गॅस जातो. फक्त तो आर भट्टीपासून चांगला वीसेक पावलं दूर घाला आणि निघताना राख उकरून पाणी ओता. वरून विझलेली दिसली तरी गोवरीची राख आतून बराच वेळ धुमसत असते.