सातबाऱ्यावरच्या 'झुडपी जंगला'ला झुडूप लागत नाही

ब्रह्मपुरीकडच्या एका कास्तकाराचा प्रश्न : वडिलांना मिळालेला दीड एकराचा पट्टा, तीसेक वर्षं धान पिकतोय, वावरात एक झुडूप नाही. सातबाऱ्यावर मात्र 'झुडपी जंगल'. जमीन पडीत नाही, तर हा शब्द काढायचा कसा?

भाऊ, बांधीचे सात फोटो पाठवलेत, ते कामाचे नाहीत. पडीत म्हणजे न वाहलेली. नांगर घातला की तिचं पडीतपण संपलं. झुडपी जंगल तसं संपत नाही. ती महसुली नोंद आहे, जुन्या मध्य प्रांताच्या कागदांतून 1956 साली, विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला तेव्हा, आपल्याबरोबर आलेली. तेव्हा अर्थ एवढाच, की हलकी जागा, ढोरं चारा. पण 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली ही जमीन वनजमीन ठरवली. तो शब्द खोडणं आता पटवाऱ्याच्या काय, तहसीलदाराच्याही हातात नाही. 'करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तुमचं सगळं एका तारखेवर अडलंय : 12 डिसेंबर 1996, सर्वोच्च न्यायालयाच्या वनजमिनीवरच्या जुन्या आदेशाची तारीख. त्याआधी सक्षम अधिकाऱ्यानं वाटप केलं असेल, तर ती जमीन वनक्षेत्रातून वगळायला केंद्राची मंजुरी राज्य सरकारनं मागायची आहे, तुम्ही नाही. नंतरचं असेल तर वाट बिकट आहे. किती, ते वाटपाचा आदेश पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

आणि नेमका तोच आदेश तुमच्याकडे नाही! 'उधईनं खाल्ला' म्हणता. मग वडील असताना नक्कल का नाही काढली? 'तीसेक वर्षं' हा काही पुरावा नव्हे; तीस की अठ्ठावीस, यावरच निकाल आहे. ज्या पावत्या जपून ठेवल्यात त्या नीट वाचा. त्यांवर 'दंड' लिहिलं असेल तर त्या पट्ट्याच्या नाहीत, अतिक्रमणाच्या आहेत, म्हणजे उलट तुमच्याच विरोधात जातील.

तहसीलच्या अभिलेख कक्षात वाटप प्रकरणाच्या आणि पहिल्या फेरफाराच्या नकलेसाठी अर्ज करा, पोच घ्या. 'सापडत नाही' म्हणाले तर तसं लेखी मागा. नाही दिलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्याला 30 दिवसांची मुदत आहे. नक्कल आली की गट क्रमांकासह जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तुमचा गट राज्याच्या त्या प्रस्तावात धरलाय का ते विचारा. वनहक्काचा दावा वेगळा विषय आहे, त्याचं नंतर बघू.

तोवर स्टँपवर सौदा करायचं जे मनात आहे, ते सोडा.