होय-नाहीच्या रकान्यात न बसलेल्या आजी

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम.ए. करते. आमच्या गावातून चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर जाणाऱ्या सासनकाठीवर (देवाच्या मानाची उंच, सजवलेली काठी) लघुप्रबंध लिहिते आहे. प्रश्नावलीत ‘जोतिबावर तुमचा विश्वास आहे का? होय / नाही’ असा प्रश्न आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, “असलं काय इचारतीस? आमच्यात काठी हाय, जायाला लागतंय.” आता खूण कुठल्या रकान्यात करू?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : कुठल्याच नको. आजींनी तुला उत्तर दिलंय, रकानाच तोकडा पडलाय.

तुझ्या वयाची असताना हाच प्रश्न मी डोंगर चढताना एका काठीवाल्या काकांना विचारला होता. अंगावर गुलाल, खांद्याला दोर. ते थांबले आणि म्हणाले, “इस्वास माणसावर ठेवायचा, बाई. उसने पैसे घेतलेल्यावर. देव हायच की.” मी वहीत ‘होय’ लिहिलं. त्या एका शब्दाची खंत मला अजून वाटते. काकांनी माझ्या प्रश्नातली गफलत दाखवून दिली होती आणि मी ती पुसून टाकली.

मानववंशशास्त्रात हा वाद जुना आहे. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी तेव्हाच्या सुदानमधल्या, आताच्या दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांच्या धर्मावर १९५६ साली लिहिलं, तेव्हा ‘माझा विश्वास आहे’ या अर्थाचा शब्द त्या भाषेत नाही, हे त्यांनी नोंदवलं. रॉडनी नीडहॅम बोर्निओतल्या पेनान लोकांत राहिले होते. आपण पेनान भाषेत बोलतोय आणि ‘माझा देवावर विश्वास आहे’ हे काही केल्या सांगता येत नाही, असं त्यांना एकदा स्वप्न पडलं. त्या अस्वस्थतेतून त्यांनी १९७२ साली अख्खं पुस्तक लिहिलं. ‘विश्वास’ ही सगळ्या माणसांत सारखी आढळणारी मनाची अवस्था आहे, हे गृहीतच धरू नका, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याला बोर्निओला जायचीही गरज नाही. घरातली क्रियापदं ऐक. अमावस्या ‘पाळतात’, म्हसोबाचं ‘करतात’, कुळाचार ‘सांभाळतात’, नवस ‘फेडतात’. सगळी हातापायांची कामं. आणि काठीचा ‘मान’ बघ: देवाला ‘मानणं’ आणि गावात ‘मान’ असणं, दोन्ही एकाच शब्दात. आजींच्या घराण्याचं गावातलं स्थान, भावकीशी असलेलं नातं, वर्षाचा खर्च, सगळं त्या काठीला बांधलेलं आहे. ‘विश्वास’ म्हटलं की यातलं काहीच दिसत नाही.

आणखी एक सांगते, कारण हे मला फार लागतं. आपण लिहिताना डॉक्टरांना ‘माहीत असतं’ आणि गावकऱ्यांचा ‘विश्वास असतो’. ‘गावकऱ्यांचा असा विश्वास आहे की’ हे लिहिताक्षणी आपण त्यांना चुकीचं ठरवून मोकळे होतो, तेही त्यांच्याशी वाद न घालता. एखादी गोष्ट चूक वाटत असेल, कुणाची फसवणूक होत असेल, तर तसं स्पष्ट लिही. त्या शब्दाआड लपू नकोस.

पण म्हणून ‘यांना श्रद्धा नाही, नुसती रूढी आहे’ असंही लिहू नकोस. डोंगरावर ‘चांगभलं’ म्हणताना ज्यांचा गळा दाटतो, अशी माणसं मी पाहिली आहेत. आजींचा भाव असेल, नसेल. तो विचारून कळत नाही. सोबत चालल्यावर कधी कळतो.

तेव्हा प्रश्नावली बाजूला ठेव आणि आजींकडं परत जा. काठी घरात कुणापासून आली, वर्गणी कोण काढतं, घरात सुतक असेल त्या वर्षी काय करतात, मुलगा पुण्याहून आला नाही तर काठी कोण धरतं, हे विचार. आणि पहिल्या दिवशीचं त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेव, ‘लागतंय’सकट.