जमीन कोरडी असल्यामुळे उष्णतेची लाट वाढते, की लाटेमुळे जमीन कोरडी होते?

दोन्ही होतं, आणि एकातून दुसरं वाढत जातं.

जमिनीत ओल असेल तर उन्हाची बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. ओल संपली की हीच ऊर्जा जमीन आणि तिच्यावरची हवा तापवते. तापलेली हवा उरलीसुरली ओलही शोषून घेते. युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात हेच घडलं. वसंतात पाऊस कमी पडून माती आधीच सुकली होती, त्यामुळे लाट आणखी तीव्र झाली.

मात्र लाट सुरू करते ती हवाच: वरच्या थरातला जास्त दाब, खाली उतरणारी हवा, निरभ्र आकाश. माती ती वाढवते.

पुण्यात एप्रिलपर्यंत माळरानं आणि टेकड्या सुकलेल्या असतात, म्हणून वळवाची एक चांगली सर आली की नुसत्या ढगांपेक्षा जास्त दिलासा मिळतो. माती ओली असेपर्यंत तो टिकतो. दौंड, इंदापूरकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दुपारचा पारा थोडा खाली ठेवतो. पण तिथे दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही. त्यामुळे रानात राबणाऱ्या माणसाला धोका कमी झाला असं मी तरी म्हणणार नाही. लाटेचा इशारा मुख्यतः तापमानावर ठरतो (मैदानी भागात किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त), म्हणून बागायती भागात आर्द्रताही जरूर बघा.