मेकॅनिकलवाल्याने ट्रेड-टेक पॉलिसीत कसं यावं

तू लिहिलंयस की चाकणला पार्ट्सच्या कंपनीत तीन वर्षं झाली, आता इंटरनॅशनल ट्रेड आणि टेक पॉलिसीच्या कन्सल्टिंगमध्ये यायचंय, तर कर्ज काढून परदेशात मास्टर्स करू का. मी या कामात सोळा वर्षं आहे आणि मला मनापासून वाटतं की आत्ता नको. आधी एक वर्ष कस्टम्स ब्रोकरकडे किंवा कुठल्यातरी एक्झिम, म्हणजे आयात-निर्यात डिपार्टमेंटमध्ये काढ, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा फॉर्म भर, एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या नंबरावरून काय काय वाद होतात ते बघ.

कारण क्लायंटचा प्रश्न एकच असतो, माझा माल सुटेल का? ३ ऑगस्ट २०२३ ला डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने, लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हरची आयात रिस्ट्रिक्टेड, म्हणजे लायसन्स असेल तरच, अशी केली, तीही त्याच दिवसापासून, आणि माझ्या एका क्लायंटचा कंटेनर तेव्हा समुद्रात. रात्री अकरापर्यंत आम्ही बिल ऑफ लेडिंगवरच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरच्या तारखा तपासत होतो, कारण आदेशाच्या आधी माल जहाजावर चढला असेल तर सवलत मिळायची आशा असते. दुसऱ्याच दिवशी ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत आली. पण ती रात्र ज्याला निभावता येते त्यालाच क्लायंट पुन्हा फोन करतो.

आता तुझी जमेची बाजू. युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालातल्या कार्बनवरचा आकार, नट-बोल्टलाही लागतो. रिपोर्टिंग ऑक्टोबर २०२३ पासून होतं, पैशांचा भाग १ जानेवारी २०२६ पासून. एका बोल्टवाल्यांकडे गेलो तर मालक म्हणाले, अहो आमच्याकडे धूर कुठाय, हीट ट्रीटमेंटची एक भट्टी काय ती. पण हिशोबात त्यांनी विकत घेतलेल्या वायर रॉडचा, म्हणजे बोल्टसाठीच्या कच्च्या स्टीलचा कार्बनही धरतात आणि मोठा आकडा तोच असतो, मग दोन महिने स्टील मिलच्या मागे लागून तो डेटा काढला. तिथे हीट नंबर (स्टीलच्या एका वितळीचा नंबर) म्हणजे काय हे मला कुणाला तरी विचारावं लागलं, तुला लागणार नाही.

टेक पॉलिसीसाठी स्कोमेटपासून सुरुवात कर, म्हणजे ज्या वस्तू आणि तंत्रज्ञान लष्करी कामातही वापरता येतात म्हणून त्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आहे, त्यांची भारताची यादी. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार अरेंजमेंटमध्ये, म्हणजे अशाच निर्यात-नियंत्रणासाठीच्या देशांच्या गटात आला, त्या गटाच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी स्कोमेटच्या आठव्या कॅटेगरीत आहेत, आणि त्यात बसणारं ड्रॉइंग नुसतं ईमेलने बाहेर पाठवलं तरी ती निर्यात ठरते. स्कोमेटची यादी डीजीएफटीच्या साइटवर फुकट आहे. या रविवारी ती आणि तुमच्या फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीनचं मॅन्युअल शेजारी ठेवून बस, पोझिशनिंगचे, म्हणजे मशीन किती अचूक जागेवर येतं त्याचे आकडे ताडून बघ, अडलास की विचार.