रक्ताची उलटी झाली की एंडोस्कोपी करावीच लागते का?

नाही, एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिका आणि जठर तपासणं) प्रत्येकाला लगेच लागत नाही. मात्र रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, तर हा निर्णय घरी घ्यायचा नाही, रुग्णालयातच जायचं. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे डॉक्टरांना आधीच सांगा.)

तिथे बहुधा ग्लासगो-ब्लॅचफर्ड स्कोअर, म्हणजे रक्तस्रावाचा धोका किती हे सांगणारे गुण, काढतात. त्याला एंडोस्कोपी लागत नाही, हीच त्याची खरी ताकद. रक्तातील युरिया, हिमोग्लोबिन, वरचा रक्तदाब, नाडी, काळी शौच, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, यकृताचा आजार आणि हार्ट फेल्युअर यांवरून ० ते २३ गुण मिळतात. ० किंवा १ गुण असेल तर रक्त द्यावं लागण्याचा किंवा जीवाचा धोका फारच कमी. अशांना सहसा घरी पाठवून एंडोस्कोपी नंतर, बाह्यरुग्ण म्हणून करता येते. युरिया यात का? पोटात सांडलेलं रक्त पचतं आणि त्यातल्या प्रथिनांमुळे युरिया वाढतो.

त्यापेक्षा जास्त गुण असतील तर दाखल करून २४ तासांत एंडोस्कोपी. पण आधी सलाईन, गरजेप्रमाणे रक्त देऊन रक्तदाब सावरायचा; नातेवाईकांना हा उशीर वाटतो, पण तो उपचारच असतो. सिरोसिसच्या (यकृत कडक होऊन आकसण्याच्या आजाराच्या) रुग्णात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्याची शंका असेल तर मात्र १२ तासांच्या आत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, चालू असल्याचं आवर्जून सांगा.