ऑस्करला सोबती कोण?

प्रश्न : आमच्या चार फुटी टाकीत सात इंची ऑस्कर मासा आहे. सोबत सोडलेले निऑन टेट्रा दोन दिवसांत नाहीसे झाले. आता एंजल मासाही कोपऱ्यात दबून असतो. सोबतीला काय ठेवावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एंजलला आजच दुसऱ्या टाकीत हलवा, उद्यावर ढकलू नका. निऑन जेमतेम दीड इंचाचा. ऑस्करच्या तोंडात मावेल ते त्याचं खाद्य, त्यात त्याचा काय दोष? अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला हा मासा फूटभर वाढतो आणि जागेवर हक्क सांगतो.

माझ्या सहा फुटी टाकीत ऑस्करबरोबर सहा सिल्व्हर डॉलर मासे होते. अंगानं उंच नि चपटे, त्यामुळे गिळता येत नाहीत. थव्यानं मोकळ्या पाण्यात फिरतात, तळाच्या जागेसाठी भांडत नाहीत. पण तुमची टाकी दीड फूट रुंद, दीड फूट उंच असेल, तर पाणी सुमारे 250 लिटर. ते एका ऑस्करपुरतंच. फ्लॉवरहॉर्न हा भांडखोर मासा तर कितीही मोठ्या टाकीत सोबतीला घालू नका, दोघांपैकी एक जखमी होतोच.

पुढे मोठी टाकी घेतलीत, तर नवे मासे सोडण्याआधी दगड-लाकडांची मांडणी बदला आणि दिवा बंद ठेवा. जुनी हद्द मोडली की ऑस्कर थोडा गोंधळतो, तेवढ्यात नव्यांना जागा मिळते. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. त्याची घाण फार.

तोवर तो एकटा राहिला तरी चालेल. माझा तर मी खोलीत आले की काचेपाशी यायचा.