पीआर एजन्सीला पैसे द्यावेत, की पेपरवाल्यांकडे स्वतः जावं?

तुमचा प्रश्न असा: मिरजेत लग्नाच्या फोटोग्राफीला तीन वर्षं झाली, एक पीआरवाला २० हजारांत पाच न्यूज पोर्टलवर बातमी लावून देतो म्हणतोय, ते द्यावेत का? की स्वतः पेपरच्या ऑफिसात जावं, आणि जायचं तर काय घेऊन?

२० हजार देऊ नका. तसल्या बातमीत 'नावाजलेले', 'अल्पावधीत' असे शब्द दिसले की वाचणारा ओळखतो, हे पैसे देऊन छापलंय. आणि मुलीचं लग्न ठरलेला मिरजेतला बाप ती पोर्टल उघडतही नाही. जाहिरात करायची तर सरळ जाहिरात करा, पेपरच्या जाहिरात विभागात तिचा दर ठरलेला असतो.

माझा कोल्हापुरात स्टुडिओ आहे. पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी वर्धापनदिनाची प्रेसनोट करून सगळ्या ऑफिसांत स्वतः नेऊन दिली होती. एक ओळ कुठे आली नाही. एका उपसंपादकांनी मात्र बसवून घेतलं आणि विचारलं, "यात तुमच्या घरच्यांशिवाय दुसऱ्या कुणासाठी काय आहे?" त्या वेळी मनाला लागलं. आज कुणालाही काही पाठवताना मी आधी तोच प्रश्न स्वतःला विचारतो.

त्याचं उत्तर मला ऑगस्ट २०१९ मध्ये सापडलं. तुमच्याकडे कृष्णा चढली होती, आमच्याकडे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ते उतरल्यावर आंबेवाडीच्या एक मावशी घमेल्यात लग्नाचा अल्बम घेऊन आल्या. पानं चिकटून त्याची वीट झाली होती. काका वारलेले, आणि त्यांचा दुसरा फोटो घरात राहिला नव्हता.

केमिकलवर धुतलेल्या जुन्या प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की मऊ पडतो आणि वाळला की शेजारच्या फोटोला धरून बसतो. म्हणून असे फोटो कोरडे करून ओढायचे नाहीत. आम्ही तो अल्बम गार, स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला, पाणी गढूळ झालं की बदललं, आणि एकेक प्रिंट आपोआप सुटू दिला. फोटोच्या तोंडाला बोट लावायचं नाही, कडेनेच धरायचा. मग उन्हात न ठेवता पंख्याच्या वाऱ्यावर दोरीला चिमट्याने टांगायचा, आणि वाळला की लगेच कॅमेऱ्याने त्याची कॉपी काढायची. हार घालतानाच्या फोटोत डावा कोपरा पांढरा पडला होता, पण दोघांचे चेहरे शाबूत होते. मावशी बराच वेळ तो फोटो हातात धरून उभ्या होत्या.

त्यांनी गावात सांगितलं आणि रोज दोन-चार अल्बम येऊ लागले. पण बाहेर बघितलं तर लोक चिखलाच्या ढिगाऱ्यात अल्बम टाकून देत होते. तेव्हा मी ओळखीच्या एका बातमीदाराला फोन केला. स्टुडिओबद्दल काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "भिजलेले फोटो वाचतात, लोक फेकून देताहेत, कसे वाचवायचे ते छापा." दुसऱ्या दिवशी शहर पानावर मावशींच्या परवानगीने त्यांचा फोटो, कृतीची चौकट आणि शेवटच्या ओळीत माझं नाव. त्या महिन्यात आम्ही एकाही अल्बमचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या लग्नसराईत ऑर्डर द्यायला आलेली माणसं विचारायची, "फोटो वाचवणारे ते तुम्हीच ना?"

आता कामाच्या गोष्टी. सकाळी ११ ते १च्या दरम्यान फोन करा. संध्याकाळी पानं लागत असतात, त्या वेळी तुमचा फोन म्हणजे त्रास. पुरवणीचं पान आधीच तयार होतं, त्यामुळे १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनासाठी काही द्यायचं असेल तर निदान दोन आठवडे आधी बोला. एकच मजकूर सात ठिकाणी पाठवू नका. दोन पेपरांत सारखीच ओळ आली की दोन्हीकडची दारं बंद होतात. मजकूर दीडशे शब्दांत, युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं तसा), कॉपी करता येईल असा द्या. त्याची पीडीएफ नको. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा टाकला तर त्याची फाइल दाबून लहान केली जाते, मग तो छपाईत फुटतो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलवर मूळ आकारात पाठवा. माझा एक फोटो एकदा नावाशिवाय छापला गेला. तेव्हापासून फाइलच्या नावात आणि फोटोखालच्या ओळीतही माझं नाव असतं.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, पन्हाळ्यावरचं धुकं, कासची फुलं पाठवण्यात अर्थ नाही. ते काढायला पेपरकडे स्वतःचे छायाचित्रकार आहेत, आणि चांगले आहेत.

आणि एक गोष्ट लग्नाचे फोटो काढणाऱ्या बहुतेकांना ठाऊकच नसते. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ऑर्डर देणारा असतो. म्हणजे नवरा-नवरीचा फोटो तुम्ही परस्पर पेपरला देऊ शकत नाही. बुकिंगच्या कागदावरच प्रसिद्धीसाठीच्या परवानगीची ओळ घाला, आणि पाठवण्यापूर्वी त्यांना पुन्हा फोन करून विचारा. एखाद्या घरात तेवढ्यात काय घडलं असेल, आपल्याला माहीत नसतं.

तुमच्याकडे तर सांगण्यासारखं भरपूर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या बातम्या आल्या, पण भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या शेतातून निघून सतारमेकर गल्लीत येतो, कापला जातो, त्याला गळा बसतो, तारा चढतात आणि शेवटी जवारी लागते (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून स्वर खुलवतात), हा सगळा प्रवास एका जागी फोटोंत मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. एका घराला धरून तो करा. त्याला वर्ष लागेल, लागू दे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कॅमेरा पिशवीतच ठेवा, जवारी लावणाऱ्या कारागिराशेजारी बसा आणि तो कान लावून काय ऐकतो ते विचारा. बारा-पंधरा फोटो झाले की आधी त्या घरच्यांना दाखवा, त्यांचं होय आलं की बातमीदाराला फोन करा.